घरी सांगायचे ठरवले असेल तर : कोल्हापुरातल्या समलिंगी मुलामुलींसाठी

कोल्हापुरात ‘मी समलिंगी आहे’ हे आईला सांगताना आपण एकट्या आईशी बोलत नसतो. तिच्यामागे गल्ली उभी असते, भावकी असते, वडिलांचे तालमीतले मित्र आणि तिच्या भिशीतल्या बायका असतात, आणि आपले वाक्य पुरे होण्याआधीच त्या सगळ्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेलेले असतात. मी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी हे सांगितले, तेव्हा ‘तू असा कसा झालास?’ हा प्रश्न येईल या अपेक्षेने मी पुष्कळ वाचून, टिपणे काढून बसलो होतो. आई बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आता लोकांस्नी काय सांगायचं?” त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि पुढची दोन वर्षे आमच्या घरात जे काही झाले ते बहुतेक त्या एका न दिलेल्या उत्तरामुळे झाले. म्हणून पुढे जे लिहिले आहे, त्यात स्वतःविषयी काय सांगावे याच्या बरोबरीने, घरच्यांना बाहेर तोंड द्यायला काय हाती द्यावे याचाही विचार केला आहे.

आधी पायाखालची जमीन

सांगण्याची घाई करण्यापूर्वी आपण कोणाच्या छपराखाली आणि कोणाच्या पैशावर राहतो हे नीट पाहावे. आपल्याकडे ही बाब पुण्या-मुंबईपेक्षा अधिक गुंतलेली असते, कारण इथली पुष्कळ मुले नोकरीत नसून घरच्या धंद्यात असतात : उद्यमनगरातल्या वडिलांच्या कारखान्यात, गुजरीतल्या दुकानात, नाहीतर गावाकडे ऊस आणि म्हशींच्या मागे. अशा मुलाच्या खिशात खर्चायला पैसे असतात, पण त्याला पगार नसतो, आणि वडिलांनी रागाच्या भरात ‘उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाही’ असे म्हटले तर परवापासून त्याच्याजवळ काहीही उरत नाही. त्यामुळे स्वतःच्या एकट्याच्या नावावरचे बँक खाते, त्यात निदान तीन-चार महिन्यांचा खर्च, आणि शक्य असल्यास घराबाहेरचे स्वतःचे उत्पन्न, एवढे झाल्याशिवाय सांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आधार, पॅन, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि असल्यास पासपोर्ट यांच्या मूळ प्रती घरातल्या लोखंडी कपाटात, आईच्या साड्यांखाली असतात. त्या एकदा काहीतरी कारण सांगून बाहेर काढाव्यात आणि विश्वासाच्या मित्राकडे ठेवाव्यात. वेळ आलीच तर त्या रात्री कोणाकडे जायचे हे त्या मित्राशी आधी बोलून ठेवावे. बहुतेकांवर ती वेळ येत नाही, पण ज्याच्यावर आली त्याला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसून पुण्यात कोणाला फोन करावा हे सुचत नसेल, तर ती रात्र फार लांब होते.

अठरा वर्षे पूर्ण झाली नसतील तर बहुधा थांबणेच शहाणपणाचे असते. तोवर मन मोकळे करायला एखादी मोठी, भरवशाची व्यक्ती शोधावी; ती नसेल तर ‘टेली मानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलते, आणि मुलांसाठी १०९८ आहे. ज्या घरात आधीच हात उचलला जातो त्या घरात वय कितीही असले तरी सांगणे आवश्यक नाही. न सांगणे हा खोटेपणा आहे, असे मोठ्या शहरांतले काही मित्र सुनावतात. त्यांना आपले घर ठाऊक नसते.

थांबण्याच्या या सल्ल्याला दोन अपवाद आहेत. पहिला धमकीचा : डेटिंग ॲपवर ओळख काढून, भेटीचे फोटो काढून ‘घरी सांगीन’ म्हणत पैसे उकळणारे लोक आपल्याही जिल्ह्यात आहेत. अशा वेळी पहिला रुपयाही देऊ नये, संभाषण जपून ठेवावे आणि ही खंडणी आहे, म्हणजे गुन्हा त्यांचा आहे, हे लक्षात ठेवावे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करता येते. घरी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपण सांगणे केव्हाही बरे, एवढ्याच कारणासाठी इथे घाई करावी. दुसरा अपवाद लग्नाचा, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

सुपारी फुटण्याआधी

पंचविशी उलटली की मामा किंवा आत्ती एखादे स्थळ घेऊन येतात. आपण ‘आत्ता नको’ म्हणतो, मग ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो, आणि एक दिवस आईच्या समाधानासाठी म्हणून नुसती मुलगी बघायला जातो. इथेच बहुतेक जण अडकतात, कारण आपल्याकडे बघण्यापासून सुपारी फुटेपर्यंतचे अंतर फार थोडे असते, आणि यादी झाली, हॉल ठरला, बस्ता बांधला की मग बोलायला जागाच राहत नाही. त्यातून ज्या मुलीशी लग्न होते तिने काहीही केलेले नसते, आणि ती मात्र वर्षानुवर्षे ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असे समजून जगते. मी या लेखात कोणावरही सक्ती करायची नाही असे ठरवले होते, पण या एका ठिकाणी करतो : सगळे खरे सांगण्याचे धैर्य नसेल तर सांगू नका, मात्र बघण्याच्या कार्यक्रमाला जाऊ नका. ‘मला लग्न करायचं नाही’ हे एवढेच वाक्य, कारण न देता, न चिडता, प्रत्येक स्थळाला तेच, असे वर्षभर म्हणत राहिले तरी घरातल्या एखाद्याला त्यामागचे कारण कळू लागते, आणि पुढचे सांगणे त्याने सोपे होते.

कोणाला, केव्हा, कुठे

आईवडिलांना एकदम समोर बसवून सांगण्यापेक्षा घरातला एक माणूस आधी आपल्या बाजूला घ्यावा. ती बहुधा मोठी बहीण किंवा वहिनी असते. क्वचित एखादी आत्ती किंवा शिकलेला चुलतभाऊ असतो. निवडताना त्याचे विचार किती पुढारलेले आहेत यापेक्षा त्याच्या पोटात गोष्ट राहते का हे पाहावे. टीव्हीवर अशा विषयाची बातमी लागली असता कोण काय बोलते यावरून अंदाज बांधण्याची पद्धत आहे, पण तिच्यावर फारसा भरवसा ठेवू नये. बातमी ऐकून ‘काय जमाना आलाय’ म्हणणारी आजी नातवाच्या बाबतीत मऊ पडल्याची आणि कॉलेजात समतेवर भाषणे देणारे काका सहा महिने न बोलल्याची, अशी दोन्ही उदाहरणे मी पाहिली आहेत. माझे वडील शाहू महाराजांचे निस्सीम अभिमानी; १९०२ साली महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे ते कोणत्याही पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर सांगतात. त्या अभिमानाचा दाखला देऊन मी वाद जिंकीन असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्यांनी त्या दिवशी महाराजांचे नावच काढू दिले नाही.

वेळ निवडताना घराचे पंचांग पाहावे. गणपती, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते, आणि रडायलाही कोपरा मिळत नाही. शेतकऱ्याच्या घरात उसाला तोड येण्याची वाट पाहणे चालू असताना वडिलांशी कोणताही विषय काढू नये, हे मी वेगळे सांगायला नको. बहिणीचे लग्न ठरत असेल तर काय करावे, हा खरा अवघड प्रश्न आहे. ‘हिच्या भावाबद्दल असं असं ऐकलंय’ म्हणून सोयरीक मोडू शकते, ही आईची भीती निराधार नाही, आणि तिची थट्टा करू नये. लग्न पार पडेपर्यंत थांबावे; पण त्यानंतर चुलतबहीण, मग मावसभाऊ, मग घराची वास्तुशांत अशी रांग लागेल, तिच्यासाठी थांबू नये.

जागा घरचीच असावी, पण पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती सामाईक असतात आणि शेजारची काकू कानांनी तरुण असते, हे ध्यानात ठेवून दुपारची, बाहेर वर्दळ असण्याची वेळ धरावी. रंकाळ्यावर फिरता फिरता सांगू असे अनेकांच्या मनात येते. तिथे दर दहा पावलांवर ‘काय, कुठं निघालाय?’ म्हणणारा कोणीतरी भेटतो. पन्हाळ्याला जाताना गाडीत सांगण्याची कल्पनाही टाळावी, कारण ऐकणाऱ्याला उठून आत जाता आले पाहिजे.

वडिलांशी समोरासमोर चार वाक्येही बोलण्याची सवय नसेल, तर पत्र लिहावे. हाताने, कागदावर, आणि आपण घरात असताना द्यावे. व्हॉट्सॲपवर मात्र हे कधीही लिहू नये. तो संदेश कोणाच्या बोटाखाली येऊन कुटुंबाच्या ग्रुपवर पोचेल याचा नेम नसतो.

कोणत्या शब्दांत

मराठीत या गोष्टीला घरगुती शब्द नाही, ही मोठी अडचण आहे. ‘समलिंगी’ हा वर्तमानपत्री शब्द आईला परका वाटतो. ‘गे’ म्हणावे, तर जुन्या पिढीच्या कानाला ते ‘अगे’ किंवा ‘आई गे’मधले संबोधन वाटते, आणि नव्या पिढीने तो शब्द कट्ट्यावर टिंगलीतच ऐकलेला असतो. म्हणून नावापेक्षा वर्णन बरे. मला आज पुन्हा सांगायचे झाले तर मी असे म्हणेन : “आई, बाकीच्या पोरांना मुलींबद्दल जशी ओढ वाटते तशी मला कधी वाटली नाही. मला ती पुरुषांबद्दल वाटते. चौदा-पंधरा वर्षांचा असल्यापासून मला हे ठाऊक आहे. मी हे ठरवून केलेलं नाही, तुमच्या वाढवण्यात काही चुकलेलं नाही, आणि लग्न करून हे बदलणार नाही. तुला खोटं सांगत राहणं मला जमेना, म्हणून सांगतोय.” एवढे बोलून थांबावे. पुढचे शांतपण असह्य होते आणि ते भरून काढण्यासाठी आपण इतिहास, विज्ञान आणि परदेशांची उदाहरणे ओतू लागतो. ते करू नये. क्षमाही मागू नये, कारण क्षमा मागितली की गुन्हा झाला आहे असे घर धरून चालते.

आपल्या आयुष्यात कोणी असेल तर त्याचे नाव पहिल्या दिवशी घेऊ नये. नाव घेतले की ‘त्यानंच तुला बिघडवलं’ हे उत्तर घराला तयार मिळते, आणि मग पुढचे कित्येक महिने सगळा राग त्या मुलावर जातो.

जे प्रश्न येतील ते

आपल्या भागातला एक प्रश्न इतरत्र सहसा येत नाही. कोल्हापूर, गडहिंग्लज आणि पलीकडे बेळगाव भागातल्या माणसाने लहानपणापासून सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते पाहिलेले असतात : साडी नेसलेले, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिच्या मूर्तीची टोपली, घेऊन मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागणारे. मुलगा ‘तसा’ आहे म्हटले की आईच्या डोळ्यांपुढे तेच चित्र येते, आणि ‘म्हणजे तू आता लुगडं नेसणार?’ हा प्रश्न ती विचारते किंवा विचारायचा टाळते. विचारला नाही तरी त्याचे उत्तर द्यावे. कोणाविषयी ओढ वाटते ही एक गोष्ट, आणि आपण स्वतःला पुरुष समजतो की स्त्री ही वेगळी गोष्ट, हे दोन वाक्यांत सांगावे. मात्र ते सांगताना जोगत्यांना किंवा तृतीयपंथीयांना खाली पाडून आपली बाजू उजळ करू नये. ‘मी त्यांच्यासारखा नाही’ हे वाक्य जिभेवर सहज येते आणि ते ऐकून आईला हायसेही वाटते, पण त्यात जी तुच्छता असते तीच उद्या आपल्या वाट्याला येते.

वडिलांचा पहिला प्रश्न अनेकदा पोलिसांचा असतो. त्यांना सांगावे की इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंड संहितेतले ३७७ कलम सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या खासगी संबंधांना लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने दिला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेलेच नाही. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहाला मात्र आपल्या कायद्यात स्थान नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेवर सोपवला. हेही लपवू नये. जो मुलगा गैरसोयीची बाजू सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर वडील विश्वास ठेवतात.

मग डॉक्टर. ‘एकदा दाखवून तर येऊ’ हा आग्रह बहुतेक घरांत होतो आणि तो साफ नाकारण्यापेक्षा आपण आधी भेटून पारखलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे आईवडिलांना नेणे अधिक उपयोगी पडते, कारण जी गोष्ट मुलाच्या तोंडून पटत नाही ती पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून पटते. पारखणे आवश्यक आहे. मला घरच्यांनी ज्यांच्याकडे नेले त्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत लग्नाचा सल्ला आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. नाव सांगण्यात अर्थ नाही, पण त्या दहा मिनिटांनी आमचे वर्ष वाया घालवले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नसल्याचे जाहीर केले. आणि ती ‘बरी’ करण्याचे उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. कोणी औषधाने, इंजेक्शनने किंवा शॉक देऊन बदलण्याची हमी देत असेल, तर तिथून उठून यावे.

देवऋषीचाही एक टप्पा येतो. अंगारा लावणे, लिंबू उतरवणे इथपर्यंत आईच्या मनासाठी मी सहन केले. तुम्ही करावे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गोविंद पानसरेंच्या या शहरात अशा वेळी धावून येणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही आहेत.

‘संगतीनं झालं का?’, ‘हॉस्टेलवर कोणी काही केलं का?’, ‘एड्स तर नाही ना?’ या प्रश्नांना एका शब्दात ‘नाही’ म्हणावे आणि पुढे जावे. ‘म्हातारपणी तुझं कोण?’ या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा, कारण त्यात राग नसतो, काळजी असते. जोडीदारासोबत संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि त्याला नामनिर्देशित करण्यास कोणताही अडसर नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. इच्छापत्र तर कोणाच्याही नावे करता येते. पाहुणे वरकरणी सुखी संसार ज्याला म्हणतात त्यातही म्हातारपणी कोण विचारते, हा युक्तिवाद खरा असला तरी करू नये. शेजारच्या घरातली उदाहरणे निघतात आणि विषय भरकटतो.

मुलींना हे वेगळे पडते

आतापर्यंतचे लिखाण मुलग्यांना धरून झाले, कारण माझा अनुभव तेवढाच आहे. मुलीने सांगितले की बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यात फोन काढून घेतला जातो, दुसऱ्या आठवड्यात स्थळ येते. म्हणून मुलींनी स्वतःची नोकरी आणि शक्यतो कोल्हापूरबाहेरचा मुक्काम पक्का झाल्यावरच सांगावे, आणि कोंडून ठेवल्यास काय करायचे हे मैत्रिणीला लेखी देऊन ठेवावे. सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध घरात डांबता येत नाही. तिच्यासाठी मैत्रीण किंवा जोडीदार उच्च न्यायालयात धाव घेऊ शकते, आणि अशा प्रकरणांत मुलीचा कल बदलण्यासाठी तिला समुपदेशनाला पाठवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये न्यायालयांना बजावले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सासरइतकाच माहेरालाही लागू होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक पाठ असावेत.

लोकांना काय सांगायचे

पहिले काही महिने घर सुतकात असल्यासारखे असते. वडील ताट बाजूला सारतात, आई देवापुढे बसून राहते. ‘मी जीव देईन’ अशी धमकी आली तर ती हसण्यावारी नेऊ नये, त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि तरीही त्या बदल्यात लग्नाचे वचन देऊ नये. या काळात आपण रोजच्यासारखे राहावे : दूध आणावे, बिल भरावे, आजीला दवाखान्यात न्यावे. घरच्यांना भीती असते की आपला मुलगा गेला आणि दुसराच कोणी आला. ती या कामांनी हळूहळू कमी होते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीत पुष्कळ काम केले आहे, आणि मुंबईत पालकांनी पालकांसाठी चालवलेला ‘स्वीकार’ हा गट आहे. आईला दुसऱ्या आईचा आवाज ऐकायला मिळाला की जो फरक पडतो तो आपल्या शंभर वाक्यांनी पडत नाही.

आणि मग तो मूळ प्रश्न. घरच्यांशी बसून एक वाक्य ठरवावे, जे खोटे नसेल आणि आईला भिशीत म्हणता येईल. आमच्याकडे ते असे ठरले : “त्यानं लग्न करायचं नाही असं ठरवलंय, आणि आम्हाला ते मान्य आहे.” त्यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे, पहिल्या भागावर लोक प्रश्न विचारतात, दुसऱ्या भागावर त्यांना विचारता येत नाही. भावकीतल्या कोणाला पुरे सांगायचे आणि कोणाला एवढेच, याचा निर्णय आईवडिलांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि त्यांनीही आपल्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, असा करार आधीच करावा. आईने हे वाक्य पहिल्यांदा म्हटले ते आत्तीपुढे, दिवाळीत, करंज्या तळताना. आवाज कापत होता, आणि तिने झारा खाली ठेवला नव्हता.

जोडीदाराला घरी नेण्याची वेळ याच्याही पुष्कळ नंतर येते. गणपतीत नेऊ नये; घर भरलेले असते आणि ‘हा कोण?’ याचे उत्तर आईला दहा जणांना द्यावे लागते. एखादा साधा रविवार पाहावा, मटणाचा. तांबडा आणि पांढरा वाढण्याच्या गडबडीत कोणालाच फार बोलावे लागत नाही. आणि आईने दुसऱ्यांदा रस्सा विचारला तर नको म्हणू नये, एवढे त्याला आधी सांगून ठेवावे.